खासगी यॉटसाठी क्रू: शोधण्यापासून सांभाळण्यापर्यंत

मालकांनी यॉट घेतली आणि "माणसांचं तेवढं तुम्ही बघा" हे वाक्य तुमच्या वाट्याला आलं. तुम्ही त्यांच्या ऑफिसात हिशेब बघत असाल किंवा घरची व्यवस्था. समुद्राशी फारसा संबंध नसेल. मीही मालकाच्या ऑफिसातूनच या कामात शिरले. यॉटवर नोकरी कशी मिळवावी यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. नोकरी देणाऱ्याने काय करावं यावर फार थोडं सापडतं, म्हणून हा लेख त्या बाजूने.

यॉटवरचा माणूस जिथे राबतो तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, आणि दुपारी ज्याच्याशी वाजलं त्याच्याच वरच्या बंकवर रात्री आडवा होतो. ऑफिसच्या भरतीचे ठोकताळे इथे जसेच्या तसे लावले तर हंगाम संपायच्या आत निम्मी माणसं उतरून गेलेली असतात. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती फिरतात.

१. माणसांआधी बोटीचे कागद वाचा

चार गोष्टी लिहून काढा: यॉटची नोंदणी कोणत्या देशाच्या झेंड्याखाली आहे, तिचं ग्रॉस टनेज (वजन नव्हे, आतल्या एकूण जागेचं माप) किती, ती कुठल्या पाण्यात फिरणार, आणि ती फक्त मालकाच्या वापरासाठी आहे की चार्टरवरही, म्हणजे भाड्यानेही, जाणार. केमन आयलंड्स, मार्शल आयलंड्स, माल्टा, आयल ऑफ मॅन हे या धंद्यातले नेहमीचे झेंडे. क्रूचे नियम मालकाच्या देशावरून कमी आणि झेंड्यावरून जास्त ठरतात, हे नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही.

लांबीपेक्षा टनेजकडे जास्त लक्ष द्या. मालक मीटरमध्ये बोलतात, पण कॅप्टनचं लायसन्स टनेजवर चालतं. ब्रिटिश पद्धतीच्या यॉट प्रमाणपत्रांत २००, ५०० आणि ३००० टन अशा पायऱ्या आहेत. ५०० टनांची रेघ ओलांडली की चार्टरवरच्या यॉटला आयएसएम, म्हणजे सुरक्षा व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता, पूर्ण लागू होते आणि किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. त्याला धंद्यात डीपीए म्हणतात.

मग झेंड्याच्या प्रशासनाने दिलेला 'मिनिमम सेफ मॅनिंग'चा दाखला यॉटला लागू आहे का ते बघा. लागू असेल तर कुठल्या दर्जाची किती माणसं असल्याशिवाय यॉट हलवता येणार नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. हा आकडा यॉट सुरक्षित चालवण्यापुरता असतो. पाहुण्यांचे पलंग आवरणारे, वाढणारे, कपडे इस्त्री करणारे त्यात धरलेले नसतात.

इथला मोठा सापळा: "आपली यॉट खासगी आहे, आपल्याला ते नियम लागत नाहीत." २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात असलेला सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, मुख्यतः व्यापारी वापराच्या जहाजांसाठी आहे हे खरं. पण दुसऱ्या वर्षी खर्चाचा आकडा बघून मालकांना "चार आठवडे चार्टरला देऊ या" असं सुचतंच. तेव्हा करार, विश्रांतीच्या नोंदी, विमा, प्रमाणपत्रं, सगळं नव्याने करत बसण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून चार्टरच्या निकषांवर काम करा. शिवाय चांगली माणसं तशीच यॉट शोधत असतात.

२. किती माणसं लागतील?

क्रूच्या केबिनमधले बंक मोजा. तीच वरची मर्यादा, तिच्यापुढे चर्चा संपते. साधारण ३० मीटरच्या यॉटवर पाच-सहा माणसं दिसतात, ५० मीटरच्या आसपास दहा ते तेरा.

विभाग चार. ब्रिज आणि डेकवर कॅप्टन, मेट (कॅप्टनच्या खालचा अधिकारी), बोसन (डेकवरच्या कामाचा मुकादम) आणि डेकहँड (डेकवर काम करणारे). इंजिनरूममध्ये एक किंवा अधिक इंजिनिअर. इंटिरिअरला, म्हणजे आतल्या खोल्या आणि पाहुण्यांची सेवा बघायला, चीफ स्ट्यू (मुख्य स्टुअर्डेस) आणि तिच्या हाताखालच्या स्ट्यू. गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, शेफ. लहान यॉटवर एकच माणूस दोन टोप्या घालतो: डेकहँड इंजिनरूममध्ये हात देतो, मेट टेंडर, म्हणजे यॉटची छोटी बोट, चालवतो.

संख्या ठरवताना मालकांना एकच विचारा, "वर्षातले किती आठवडे तुम्ही यॉटवर असाल, आणि बरोबर किती जण?" उन्हाळ्यात दोन आठवडे येणारं कुटुंब आणि दर शुक्रवारी मित्रांना घेऊन येणारा मालक, यांना लागणारा क्रू वेगळा. बहुतेक यॉटना १२ पाहुण्यांची मर्यादा असते. त्यापलीकडे ती प्रवासी जहाजांच्या नियमांत जाते. पण १२ पाहुणे रोज तीन वेळा जेवणार असतील तर दोन स्ट्यूंवर ते निभत नाही.

३. पहिला कॅप्टन, आणि तो घाई न करता

एकच नेमणूक जपून करायची असेल तर ती ही. बाकीचा क्रू कॅप्टनने निवडावा. कागद, पैसे आणि करार तुम्ही सांभाळा. मालकांच्या ओळखीतून आलेली स्ट्यू किंवा भाचा म्हणून आलेला डेकहँड कॅप्टनच्या माथी मारलात, तर त्या माणसावर त्याचा हुकूम चालत नाही आणि चूक झाली तर जबाबदारीही तो घेत नाही.

लायसन्स यॉटच्या टनेजला आणि फिरण्याच्या क्षेत्राला पुरेसं आहे का ते बघा. लायसन्स एका देशाचं आणि झेंडा दुसऱ्या देशाचा असेल, तर झेंड्याच्या प्रशासनाची एंडोर्समेंट, म्हणजे मान्यतेचा दाखला, लागते. अर्ज केल्याचा पुरावा असेल तर तीन महिन्यांपर्यंत काम करता येतं, पण ती मुदत हंगामाच्या मधोमध संपणार नाही ना, हे कॅलेंडरवर तपासा. आणि होकार कळवण्याआधी यॉटच्या विमा कंपनीला कॅप्टनचा बायोडेटा पाठवा. एवढ्या आकाराची यॉट त्याने आधी चालवलेली नसेल तर कंपनी अटी घालते किंवा नकार देते, आणि हे करार झाल्यावर कळलं तर दोन्हीकडून पैसे जातात.

संदर्भासाठी दिलेल्या माणसांना फोन करा, ईमेलवर भागवू नका. "कसा होता?" याला सगळे "छान" म्हणतात. त्याऐवजी विचारा: त्याच्या काळात किती माणसं सोडून गेली? यार्डातलं, म्हणजे दुरुस्तीच्या गोदीतलं, काम ठरल्या रकमेत झालं का? मालकांना नको असलेली बातमी त्याने कधी दिली, आणि कशी? शेवटी विचारा, "परत घ्याल का?" उत्तराआधी फोनवर शांतता पसरली तर तीही ऐका.

मुलाखतीत मी हटकून विचारायचे: "मालक म्हणतात आज रात्रीच निघायचं, आणि हवामान तुम्हाला पटत नाही. काय कराल?" जो लगेच "मालक म्हणतील तसं" म्हणतो, तो नको. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, याच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट आहे की जीविताच्या सुरक्षेसाठी कॅप्टनला जो निर्णय आवश्यक वाटेल, तो घेण्यापासून मालकाने त्याला रोखायचं नाही. हे मालकांना समजावणं तुमचं काम आहे, आणि ते पहिल्या सहलीच्या आधी करायचं असतं.

खर्चाचा अधिकारही लेखी ठरवा: किती रकमेपर्यंत कॅप्टन स्वतः सही करेल, त्यावर कुणाची परवानगी, आणि हिशेब महिन्याच्या कुठल्या तारखेला.

४. बाकीची माणसं कुठे आणि कधी शोधायची

हा बाजार हंगामावर चालतो. भूमध्य समुद्राचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, कॅरिबियनचा नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये फ्रान्समधलं आँतिब आणि स्पेनमधलं पाल्मा नवख्या डेकहँड-स्ट्यूंनी भरून जातात, आणि शरद ऋतूत हीच गर्दी अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलकडे सरकते. जूनमध्ये शोधायला निघालात तर उरलेलेच मिळतात, किंवा दुसऱ्या यॉटवरून भांडून उतरलेले. त्यांतही चांगली माणसं असतात, पण पारखायला वेळ तुमच्याकडे नसतो.

मार्ग तीन. पहिला, क्रू एजन्सी. तिची फी यॉट देते. नेमलेला माणूस ठरावीक मुदतीत सोडून गेला तर बदली माणूस फुकट की अर्ध्या फीत, हे आधी लिहून घ्या. दुसरा, ओळखी: कॅप्टन आणि चीफ स्ट्यू यांच्या जुन्या सहकाऱ्यांचं जाळं हा सगळ्यात विश्वासाचा स्रोत. तिसरा, डॉकवॉकिंग, म्हणजे हातात बायोडेटा घेऊन धक्क्यावर फिरणारी मुलं. त्यांना एक-दोन दिवसांच्या रोजंदारीवर, म्हणजे डेवर्कवर, घ्या आणि काम बघून ठरवा. डेवर्कचे पैसे त्याच दिवशी द्या. "ट्रायल आहे" म्हणून फुकट राबवून घेणारी यॉट धक्क्यावर लगेच बदनाम होते.

भरतीची फी कुठल्याही परिस्थितीत क्रूकडून घेतली जाऊ देऊ नका. एमएलसीप्रमाणे उमेदवाराने स्वतःची वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट आणि सीमन्स बुक (खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका) यांचा खर्च करावा, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. हे मुद्दाम सांगते, कारण मोठ्या यॉटच्या नावाने खोट्या नोकऱ्या देऊन मुलांकडून 'व्हिसा फी' उकळणारे पुष्कळ आहेत. तुमच्या यॉटचं नाव वापरून असं कुणी करत असल्याचं कानावर आलं तर दुर्लक्ष करू नका. एजन्सीला आणि यॉटचा कारभार बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीला लगेच कळवा.

५. प्रत्येकाकडून घ्यायची कागदपत्रं

यादी कंटाळवाणी आहे, पण बंदरात तपासणीला अधिकारी चढले की घोडं इथेच अडतं.

- पासपोर्ट, पुरेशी मुदत आणि कोरी पानं शिल्लक असलेला
- सीमन्स बुक, असल्यास
- एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण: समुद्रात जीव वाचवण्याची तंत्रं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी. जीव वाचवण्याचा आणि आगीचा भाग दर पाच वर्षांनी ताजा करावा लागतो
- सुरक्षा जागरूकतेचं (घुसखोरी, चाचेगिरी अशा धोक्यांबाबतचं) प्रमाणपत्र
- समुद्रावर काम करण्यास योग्य असल्याचा वैद्यकीय दाखला. ब्रिटिश पद्धतीत त्याला ईएनजी१ म्हणतात आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो
- अधिकारी आणि इंजिनिअर असल्यास दर्जाचं प्रमाणपत्र आणि झेंड्याची एंडोर्समेंट
- टेंडर चालवणाऱ्यांकडे पॉवरबोटचं प्रमाणपत्र
- गॅलीत हात घालणाऱ्या प्रत्येकाकडे अन्नस्वच्छतेचं प्रशिक्षण
- बँकेचे तपशील, जवळच्या नातेवाइकाचा संपर्क, औषधं आणि ॲलर्जी

शेफबाबत जास्तीची सूचना. एमएलसी लागू असलेल्या जहाजावर विहित, म्हणजे सेफ मॅनिंगच्या दाखल्यात ठरवलेला, क्रू दहा किंवा अधिक असेल तर प्रशिक्षित व पात्र 'शिप्स कुक' लागतो. नावाजलेल्या रेस्टॉरंटमधला शेफ मालकांना आवडला, पण त्याच्याकडे हा दाखला नाही, असं वारंवार होतं.

फोटोकॉपीवर समाधान मानू नका. खोटी प्रमाणपत्रं फिरत असतात. ज्या प्रशासनाने प्रमाणपत्र दिलं, त्याच्याकडूनच पडताळून घ्या. आणि सगळ्यांच्या मुदतींचा एकच तक्ता ठेवा, मुदत संपण्याच्या तीन महिने आधी आठवण येईल असा.

६. निवड: हुशारीपेक्षा स्वभाव

नवख्या माणसाला, ज्याला धंद्यात 'ग्रीन' म्हणतात, टीक (सागवानी डेक) धुणं आणि फेंडर (धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या गाद्या) बांधणं शिकवता येतं. दुसऱ्याबरोबर एका छोट्या केबिनमध्ये महिनोन्महिने राहणं शिकवता येत नाही. म्हणून मुलाखतीत आधीच्या यॉटबद्दल बोलताना माणूस काय सूर लावतो ते ऐका. सगळेच कॅप्टन वाईट, सगळ्याच चीफ स्ट्यू खडूस असं सांगणारा पुढच्या मुलाखतीत तुमच्याबद्दलही तेच सांगणार.

शेफला पाहुण्यांसाठी एक जेवण करायला सांगाच, पण क्रूसाठीही एक करायला सांगा. पाहुण्यांची ताटं सजवणारे खूप असतात. दहा थकलेल्या माणसांना रोज दोन वेळा पोटभर, वेगवेगळं आणि वेळेवर वाढणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

जोडप्यांबद्दल मतं टोकाची आहेत. केबिनचा प्रश्न सुटतो आणि दोघं स्थिर राहतात, हा फायदा. एक गेला की दोघं जातात, हा तोटा. माझं मत: कॅप्टन आणि चीफ स्ट्यू जोडपं असेल तर लहान यॉटवर चालतं. मोठ्या यॉटवर इंटिरिअरच्या मुलींना तक्रार नेमकी कुणाकडे करायची हा प्रश्न पडतो.

७. करार

प्रत्येकाबरोबर लेखी करार, दोघांच्या सह्या, आणि एक प्रत त्या माणसाच्या हातात. त्यात हे हवंच: नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव, पद, पगार आणि कुठलं चलन, पगाराची तारीख, रजा, नोटिशीची मुदत, आजारपणात काय, वैद्यकीय विमा, घरी परतीचा खर्च, प्रोबेशन, गोपनीयता.

एमएलसीचं किमान माप लक्षात ठेवा: महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला ३० दिवस पगारी रजा, आणि नोटीस सात दिवसांपेक्षा कमी नाही. हे तळाचे आकडे आहेत. वरिष्ठ पदांना आता रोटेशन मागितलं जातं: दोन महिने कामावर, दोन महिने घरी, किंवा तीन महिने कामावर, एक महिना घरी. मालकांना सुरुवातीला हा एका कामाला दोन पगारांचा प्रकार वाटतो. पण इंजिनिअर दर वर्षी बदलला तर इंजिनरूमची माहितीही दर वर्षी त्याच्याबरोबर जाते, आणि ते नुकसान पगाराच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

गोपनीयतेच्या कलमात फोटोंचा उल्लेख स्पष्ट करा. डेकहँडने सूर्यास्ताचा फोटो टाकला आणि त्यात टेंडरवरचं नाव दिसलं, की मालक कुठे आहेत ते सगळ्यांना कळलं. नुसतं 'सोशल मीडिया टाळावा' असं लिहून भागत नाही. काय चालेल आणि काय नाही, ते उदाहरणांसह लिहा.

८. व्हिसा

इथे बेफिकीर राहाल तर यॉट धक्क्यावर आणि स्ट्यू विमानतळावर अडकेल. परदेशी झेंड्याची खासगी यॉट अमेरिकेच्या पाण्यात रेंगाळणार असेल तर क्रूला सहसा बी१/बी२ (व्यवसाय व पर्यटनाचा) व्हिसा लागतो. जहाजावरच्या क्रूसाठीच्या डी व्हिसावर २९ दिवसांपलीकडे राहता येत नाही. व्हिसामाफीच्या यादीतल्या देशाचा नागरिक पर्यटक म्हणून विमानाने आला तर ईएसटीएवर (ऑनलाइन प्रवास परवानगीवर) भागतं, पण खासगी यॉटमधून आत शिरताना ती सवलत चालत नाही. युरोपात शेंगेनचा, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या देशांचा, नियम १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा. क्रू म्हणून यॉटवर रुजू झाल्यावर शेंगेनमधून बाहेर पडल्याची अधिकृत नोंद होऊ शकते, पण प्रत्येक बंदरात रीत वेगळी, म्हणून स्थानिक यॉट एजंटला आधी विचारा. प्रत्येकाचे दिवस मोजायचं काम कॅप्टनवर किंवा पर्सरवर (यॉटवरचे कागद आणि हिशेब बघणाऱ्यावर) नाव घेऊन सोपवा. 'सगळ्यांचं काम' म्हणून ठेवलंत तर ते कुणीच करत नाही.

९. रोजचा कारभार

विश्रांतीचे तास हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. नियम असा: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. रोजची विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नको, त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा, आणि दोन विश्रांतींमध्ये १४ तासांहून जास्त अंतर नाही. पाहुणे रात्री दोनपर्यंत डेकवर आणि मुलांना सकाळी सहाला नाश्ता, असं असेल तर इंटिरिअरची लवकरची आणि उशिराची पाळी वेगळी केल्याशिवाय हे जमतच नाही. नोंदींचा तक्ता महिनाभर एकसारखा, रोज नऊ ते सात असा दिसला तर समजा की तो कुणीतरी महिन्याच्या शेवटी बसून भरला आहे. थकलेला माणूस टेंडर चालवतो, क्रेन चालवतो, बाजूला लटकून काच पुसतो. अपघात तिथेच होतात.

हुकमाची साखळी मालकांच्या कुटुंबालाही समजावून सांगा. काम सांगायचं ते कॅप्टनला किंवा चीफ स्ट्यूला. पाहुण्याने थेट डेकहँडला "जेट स्की काढ" म्हटलं आणि कॅप्टनला पत्ताच नाही, ही परिस्थिती धोक्याची. जेट स्कीला बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो आणि विमा कंपनीच्या अटीही असतात.

पगार ठरल्या तारखेला. दोन दिवसांचा उशीर तुम्हाला किरकोळ वाटतो, पण घरी हप्ते भरणारा माणूस दुसऱ्या दिवशीच एजन्सीला फोन लावतो. एमएलसीच्या नियमांत दोन महिन्यांचा पगार थकवणं हे क्रूला वाऱ्यावर सोडल्याचं एक लक्षण धरलं जातं, आणि त्यासाठी मालकाला आर्थिक हमी ठेवावी लागते.

क्रूच्या जेवणाचं बजेट पाहुण्यांच्या बजेटपासून वेगळं ठेवा. चांगलं वायफाय द्या. रजेच्या तारखा हंगामाच्या सुरुवातीला ठरवा आणि मग हलवू नका. पगार वाढवून थांबत नाहीत अशी माणसं तारखा पाळल्या तर थांबतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. चार्टरची टिप कशी वाटायची, सगळ्यांना समान की पदानुसार, हे पहिल्या चार्टरच्या आधी लिहून लावा. पैसे टेबलावर आल्यावर नियम ठरवलात तर भांडण ठरलेलं.

एवढ्या लहान जागेत भांड्याला भांडं लागणारच. पण छळ आणि लैंगिक त्रास ही वेगळी गोष्ट आहे. क्रूमधल्या प्रत्येकाकडे यॉटच्या बाहेरच्या एका माणसाचा नंबर असायला हवा: डीपीए किंवा मॅनेजमेंट कंपनीतलं कुणी. तक्रार कॅप्टनविरुद्धही असू शकते, किंवा पाहुण्याविरुद्ध. पाहुण्याच्या बाबतीत काय करायचं हे मालकांशी आधीच बोलून ठेवा. प्रसंग आल्यावर ते बोलणं फार अवघड जातं.

१०. माणूस उतरतो तेव्हा

राजीनामा आला की मनाला लावून घेऊ नका. या धंद्यात दोन हंगाम टिकलेला डेकहँड म्हणजे चांगलाच टिकला. कामाचं हस्तांतर लेखी घ्या: कपाटांच्या याद्या, मालकांच्या आवडीनिवडी, कुठला पंप केव्हा दुरुस्त झाला, कुठले सुटे भाग मागवले आहेत. पासवर्ड आणि बँक कार्ड माणूस उतरेल त्याच दिवशी बंद करा.

उरलेली रजा पैशांत चुकती करा आणि करारात असेल त्याप्रमाणे घरी परतीचं तिकीट काढा. आणि सागरी सेवेचा दाखला, म्हणजे सी सर्व्हिस टेस्टिमोनियल, कॅप्टनच्या सहीने तयार ठेवा. त्यात यॉटचं नाव, टनेज, पद, रुजू झाल्याची आणि उतरल्याची तारीख, समुद्रावरचे दिवस आणि यार्डातले दिवस वेगवेगळे लिहायचे. पुढच्या लायसन्ससाठी हेच दिवस मोजले जातात. त्यामुळे भांडून गेलेल्या माणसाचा दाखलाही अडवायचा नाही, आणि आवडत्या माणसाला दोन दिवस वाढवूनही द्यायचे नाहीत.